घुमटावरची चंद्रकोर, बुरुजावरची तोफ : विजापूरच्या जामा मशिदीचा इतिहास

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी स्थापना, मग पहिली सभा, इमारत निधी, कोनशिला, उद्घाटन आणि अखेरीस देणगीदारांची यादी. इथे ज्या संस्थेचा इतिहास सांगायचा आहे ती 1576च्या सुमारास उभी राहू लागली. म्हणजे तिला साडेचारशे वर्षे होत आली. तिची इमारत आजही अपुरी आहे आणि तिच्या इमारत निधीत एका उद्ध्वस्त राजधानीची लूट जमा झाली असे परंपरेने मानले जाते. विजापूरची जामा मशीद ती हीच. देवळाली कॅम्पच्या वाचकाला ती दूरची वाटेल, पण तिच्याशी जोडलेले एक नाव या गावाला परके नाही. तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, तिथे 'मुलूखमैदान' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गडगडाटी वक्त्याला आपण सहज मुलूखमैदान तोफ म्हणतो. मूळ तोफ विजापूरच्या तटावर आहे, ती अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणारा स्वतःला 'रूमी' म्हणवत होता. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. बखरींतून 'रूमशाम' म्हणून येतो तोच. विजापूरची आदिलशाहीही स्वतःला त्याच घराण्याची शाखा म्हणवत असे. त्यामुळे तिची मोठी मशीद ही दख्खनमधली उस्मानी मशीद, असे विधान प्रवासवर्णनांत आणि वाटाड्यांच्या तोंडी वारंवार आढळते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. माझ्या मते मशिदीत तुर्कांचा वाटा घुमटावरच्या चंद्रकोरीएवढाच आहे. दख्खनमध्ये खरा रूमी शोधायचा तर मशिदीत न जाता बुरुजावर जावे.

आधी वंशाची गोष्ट. ती सांगणारा मुख्य माणूस इतिहासकार फेरिश्ता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यूसुफ आदिलशहा हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. मुराद 1451मध्ये वारला, दुसरा मेहमद गादीवर आला आणि गादीला दुसरा दावेदार राहू नये म्हणून धाकट्या भावाला मारण्याचा हुकूम सुटला. तेव्हा आईने एका गुलामाचे मूल पुढे केले आणि आपले मूल इराणातल्या सावा गावच्या एका व्यापाऱ्याच्या हवाली केले. पोर सावा येथे वाढले, मोठे झाल्यावर जहाजात बसून दाभोळच्या बंदरात उतरले, बहमनी दरबारात चढत गेले आणि 1490च्या सुमारास विजापुरात स्वतंत्र झाले. कथा सुरेख आहे. तिच्या मुळाशी एक खरी घटनाही आहे. मेहमदाने गादीवर येताच तान्ह्या भावाला मारवले होते, हे उस्मानी इतिहासात नोंदलेले आहे. पण नेमके यामुळेच सावध राहायला हवे. राजवाड्यात मारले गेलेले मूल खरे नव्हतेच, ते दूर देशी वाढले, ही कथा जगभरच्या राजघराण्यांत भेटते. आपल्याकडे भाऊसाहेब पेशव्यांचा तोतया कशाच्या जोरावर उभा राहिला हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या मृत्यूला साक्षीदार थोडे, त्याच्याभोवती असे अंकुर फुटतातच.

फेरिश्ता लिहीत होता कोठे, हेही पाहायला हवे. तो विजापूरच्या दरबारी होता, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला होता आणि यूसुफ वारून तेव्हा शंभराच्या आसपास वर्षे झाली होती. धन्याच्या पूर्वजाला कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्याचा भाऊ ठरवण्यात दरबारी इतिहासकाराचे काही जात नव्हते, मिळण्यासारखे मात्र पुष्कळ होते. त्याच काळात, त्याच दरबारात लिहिणारा रफीउद्दीन शिराझी यूसुफचे मूळ उस्मानी घराण्यात न शोधता सावा भागातल्या तुर्कमान सरदारांत शोधतो. एकाच दरबारातल्या दोन लेखण्या दोन वंशावळी देतात, तेव्हा मालकाला स्वतःलाही मूळ पक्के ठाऊक नव्हते असे मानायला जागा आहे. 'सावाई' हे उपनाम मात्र दोन्हीकडे आहे. पोर्तुगीजांनी त्याचेच 'सबायो' केले. म्हणजे पक्के एवढेच हाती लागते की माणूस सावाहून आला. सावा इराणात आहे, अनातोलियात नव्हे. यूसुफने लग्न केले ते एका मराठा सरदाराच्या घरात, मुकुंदरावाच्या बहिणीशी, असे फेरिश्ताच सांगतो. पुढचे सगळे आदिलशहा तिच्या वंशातले. आदिलशाहीच्या रक्तातल्या मराठी अंशाला पुरावा तुर्की अंशापेक्षा जवळचा आहे, पण ते कोणी घुमटावर कोरून ठेवले नाही.

असे असूनही वंशाचा दावा निव्वळ खोटा म्हणून बाजूला टाकता येत नाही. दावा खरा की खोटा हा एक प्रश्न आणि तो कशासाठी केला गेला हा दुसरा. बहमनी राज्याच्या तुकड्यांतून पाच घराणी उठली. अहमदनगरच्या निजामशहाचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबातला, वऱ्हाडच्या इमादशहाचा विजयनगरकडचा हिंदू, गोवळकोंड्याचा इराणातून आलेला. प्रत्येकाला आपण राज्य करायला लायक का, हे सांगावे लागत होते. विजापूरने उत्तर दिले ते असे : आम्ही रूमच्या पातशहाचे. त्यात विजापूरच्या धर्मनिष्ठेचे काटे सतत हलत होते. यूसुफने इराणच्या सफवींच्या पावलावर शिया खुतबा सुरू केला. पहिल्या इब्राहिमाने तो मोडून सुन्नी मार्ग धरला. त्यानेच दरबारच्या हिशेबांत फारसी बाजूला सारून देशी भाषेला आणि ब्राह्मण कारकुनांना जागा दिली. त्याच्या मुलाने, पहिल्या अली आदिलशहाने, गादीवर येताच पुन्हा शिया खुतबा आणला. दुसऱ्या इब्राहिमाच्या वेळी काटा परत सुन्नी बाजूला गेला. जामा मशीद बांधायला घेतली ती या अलीने. म्हणजे जिला आपण उस्मानी म्हणतो तिचा संस्थापक धर्माने उस्मानी सुलतानाच्या वैऱ्याच्या, इराणच्या शहाच्या, बाजूचा होता. इस्तंबूलच्या मशिदींची नक्कल करायला त्याला कारण काय असावे, हे या मताच्या पुरस्कर्त्यांनी सांगायला हवे.

1565च्या जानेवारीत तालिकोटची, म्हणजे राक्षसतागडीची, लढाई झाली आणि विजयनगर पडले. त्यानंतर विजापूर बदलले. शहराचा तट पुरा झाला, पाणी आले आणि एका दशकानंतर मोठ्या मशिदीचा पाया भरला गेला. या लढाईत दख्खनी फौजांचा मोठा तोफखाना निजामशहाचा होता. त्याचा सरदार चलबी रूमी खान. फेरिश्ता सांगतो की त्याने सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या आणि शत्रू अगदी जवळ येईपर्यंत थांबून तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून उडवल्या. आकडा जरा मोठाच वाटतो, पण आपल्या विषयाला महत्त्वाचे ते त्या सरदाराचे नाव. 'चलबी' हा तुर्की आदराचा शब्द, 'रूमी' हे मूळगाव, 'खान' हा दख्खनी किताब. म्हणजे मशिदीला पैसा देणारी लढाई जिंकण्यात तुर्की हात होता, हे निर्विवाद. पण लढाईत असलेला हात बांधकामातही होता असे त्यातून निघत नाही. त्यासाठी इमारतच विचारली पाहिजे.

इमारत साधी आहे आणि तिचा मोठेपणा या साधेपणात आहे. काळा दगड, त्यावर चुन्याचा जाड गिलावा आणि रंगांची जवळजवळ अनुपस्थिती. नमाजाचा दिवाणखाना नऊ गाळे रुंद आणि पाच गाळे खोल. एकूण पंचेचाळीस चौक. त्यांपैकी मधले नऊ चौक एकत्र करून, आतले खांब काढून, वर एकच मोठा घुमट घातला आहे. त्याचा आतला व्यास 57 फूट. उरलेल्या छत्तीस चौकांवर छोटे, इतके चपटे घुमट आहेत की खालून छत पाहणाऱ्यालाच ते कळतात, बाहेरून दिसत नाहीत. दर्शनी कमानींत फक्त मधली कमान नक्षीदार पाकळ्यांची आहे, बाकी कमानींना कोठे खोदकाम नाही. पुढे अंगण, अंगणात हौद, दोन्ही बाजूंना ओवऱ्या. पूर्वेच्या टोकाला मिनार उभे राहायचे होते, ते राहिले नाहीत. अलीचा 1580मध्ये खून झाला, पुढच्यांना स्वतःचे रोजे आणि महाल बांधायचे होते, तेव्हा मशिदीचे अपुरेपण तसेच मागे राहिले. मोठा घुमट बाहेरून पाहिला तर तो कमानींच्या एका चौकोनी मजल्यावर, पाकळ्यांच्या पट्टीतून उगवल्यासारखा दिसतो. दगडी कमळातून फळ वर यावे तसा. हा पाकळ्यांचा पाळणा विजापुरात सर्वत्र आहे आणि तो इस्तंबूलमध्ये कोठेही नाही.

तुलनेसाठी दूर जायला नको, काळ अगदी तोच आहे. सुलतान सुलेमानसाठी मिमार सिनानने बांधलेली सुलेमानिये मशीद 1557मध्ये पुरी झाली आणि त्याच सिनानची एदिर्ने येथील सेलिमिये 1568 ते 1575 या काळातली. म्हणजे एदिर्नेत शेवटचे दगड बसत असताना विजापुरात पाया खणला जात होता. उस्मानी मशिदीचा विचार असा की सगळे नमाजी एकाच छताखाली, एकाच अखंड पोकळीत यावेत. म्हणून सुलेमानियेत मधला घुमट चार प्रचंड खांबांवर उचलला आहे, त्याच्या पुढेमागे अर्धघुमट आहेत आणि मध्यावरचा भार त्यांच्यावरून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आणि बाहेर उतरतो. बाहेरच्या भिंतींतून आधाराचे धिरे उठतात. घुमट शिशाच्या पत्र्याने मढवलेले आणि बसके. चार बाजूंना पेन्सिलीसारखे टोकदार मिनार. आणि मशिदीभोवती मदरसे, इस्पितळ, वैद्यकशाळा, मुदपाकखाना, हमाम आणि दुकाने असा आखीव परिवार, सगळा एकाच वक्फाच्या उत्पन्नावर चालणारा. आता विजापूर पाहा. घुमटाखाली जमात एकवटत नाही, कारण घुमट नऊच चौकांवर आहे आणि बाकीची जमात खांबांच्या राईत उभी राहते. अर्धघुमट नाहीत. शिसे नाही. आखीव परिवार नाही. मिनार तर नाहीतच, आणि जे योजले होते ते दर्शनी टोकाला, नमाजखान्याच्या कोपऱ्यांना नव्हे. या मशिदीचा जवळचा पूर्वज शोधायचा तर तो गुलबर्ग्याच्या किल्ल्यात आहे. बहमनींची 1367ची मशीद, चौकांवर चौक आणि घुमटांवर घुमट मांडलेली, तिचा बांधणारा इराणातल्या कझवीनचा. विजापूरने त्या मांडणीला मध्यभागी मोकळे अवकाश दिले आणि अंगण उघडे ठेवले.

इथे एक चांगला आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळता येणार नाही. सेलिमियेचा घुमट आठ खांबांवर उभा आहे, म्हणजे चौकोनातून अष्टकोन आणि अष्टकोनातून वर्तुळ असा सिनानचा प्रवास आहे. विजापूरचा घुमटही अष्टकोनावरच उभा आहे. मग साम्य नाही म्हणायचे कसे? उत्तर त्या अष्टकोनाच्या जन्मात आहे. एदिर्नेत आठ खांब जमिनीवरून उठतात. अष्टकोन जमिनीवर आखलेला आहे. विजापुरात जमिनीवर चौकोनच आहे. अष्टकोन हवेत तयार होतो. दोन चौकोन एकमेकांत तिरपे घालावेत तशा कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्या छेदांतून वर एक आठकोनी कडे उमटते. त्या कड्यावर घुमट बसतो. कमानींच्या मधले, आतल्या बाजूला झुकलेले त्रिकोणी भाग भरून काढलेले असतात. त्यांचा भार आतल्या बाजूला पडतो आणि घुमटाची ताकद बाहेर ढकलू पाहते. दोन ओढी एकमेकींना धरून ठेवतात. सिनान बाहेरून धिरे देऊन ताकद पेलतो, विजापूरचा मिस्त्री आतूनच ओझे लटकवून तिला रोखतो. एकाच अडचणीवरची ही दोन वेगळी उत्तरे आहेत, एकमेकांची नक्कल नव्हेत. छेदणाऱ्या कमानींचा बाहेरचा पूर्वज हवाच असेल, तर तो पंधराव्या शतकातल्या तैमूरी खुरासानात, हेरात आणि खर्गिर्दच्या इमारतींत सापडतो. म्हणजे पुन्हा इराणकडे, यूसुफच्या सावाच्या दिशेला.

या युक्तीचा कळस गोलघुमटात झाला. मुहम्मद आदिलशहा 1656मध्ये वारला तोवर तो उभा राहत होता. आत 135 फूट चौरस जमीन, वर 124 फूट 5 इंच आतल्या व्यासाचा घुमट, मध्ये एकही खांब नाही. सेलिमियेचा घुमट सुमारे 31 मीटरचा, आयासोफियाचाही जवळपास तेवढाच, गोलघुमट जवळपास 38 मीटरचा. आदिलशहांना उस्मानी व्हायचे असते तर त्यांनी एवढ्या मोठ्या कामावर इस्तंबूलची पद्धत वापरून पाहिली असती. त्यांनी आपल्या मशिदीतली पद्धत घेतली आणि इस्तंबूलला मागे टाकले. साधनाचा आत्मविश्वास असलेल्या कारागिरांनाच हे जमते. जामा मशिदीचा 57 फुटी घुमट म्हणजे त्या आत्मविश्वासाची पहिली मोठी परीक्षा होती, आणि मशिदीचे खरे महत्त्व वंशावळीपेक्षा यात आहे असे मला वाटते. गोलघुमटासमोर ती नेहमी मागे पडते, प्रवासीही तिला तासाभरात उरकतात. पण ज्याला विजापूरचे वास्तुशास्त्र समजून घ्यायचे आहे त्याने आधी मशिदीच्या मधल्या घुमटाखाली मान वर करून उभे राहावे. गोलघुमटात आकाराने डोळे दिपतात. इथे गणित दिसते.

दुसरा आक्षेप फेरिश्ताच्याच एका वाक्याचा. यूसुफने इराण, तुर्कस्तान आणि रूमहून विद्वान, शूर सरदार आणि नामांकित कारागीर बोलावले, असे तो लिहितो. मग रूमी कारागीर विजापुरात आलेच होते ना? आले असतील. पण यूसुफ 1510मध्ये वारला आणि मशीद त्यानंतर सहासष्ट वर्षांनी सुरू झाली. दरम्यान तीन राजे होऊन गेले होते. दोन पिढ्या विजापूरचा चुना कालवणाऱ्याचा नातू इस्तंबूलची मशीद न पाहताच मोठा झाला असणार. शिवाय विजापूरने आपल्या कारागिरांची नावे अगदीच लपवलेली नाहीत. इब्राहिम रोज्याशी मलिक संदल या हबशी सरदाराचे नाव जोडलेले आहे. मशिदीच्या मिहराबावर, 1636मध्ये मुहम्मद आदिलशहाच्या आज्ञेने झालेल्या सोनेरी रंगकामावर, मलिक याकूबचे नाव आहे. तो मिहराब म्हणजे अख्ख्या पांढऱ्या मशिदीत एकच झगमगाट. रंगवलेले कोनाडे, कोनाड्यांत रंगवलेल्या सुरया आणि ग्रंथ, सगळे भिंतीवरचे आणि तरी खोल असल्याचा भास. इझनिकच्या निळ्या-तांबड्या फरशांशी याचा काही संबंध नाही. राहिली चंद्रकोर. घुमटाच्या कळसावर ती आहे आणि उस्मानी वंशाची खूण म्हणूनच परंपरेने ती दाखवली जाते. तिथे मी दावा मान्य करतो, पण तो दावाच आहे. चंद्रकोर ही तेव्हा एका उस्मानी घराण्याची मक्तेदारी नव्हती, घुमटावर ती अनेक मुलखांत बसत असे. विजापूरने तिला जो अर्थ दिला तो विजापूरचा. ध्वज परका असला तरी किल्ला गावचाच होता.

याउलट तोफेकडे वळावे. मुलूखमैदान 1549मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात अहमदनगरला ओतली गेली. तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे स्पष्ट कोरले आहे. वजन सुमारे 55 टन, लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, तोंडाचे भोक दोन फूट चार इंच, धातू साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील, म्हणजे घंटेचाच धातू. मेहमदाच्या काळात 1464मध्ये मुनीर अलीने ओतलेली आणि डार्डानेल्सची म्हणून ओळखली जाणारी काशाची तोफ आज इंग्लंडात आहे. ती सतरा टनांच्या आत-बाहेर. म्हणजे अहमदनगरच्या ओतकामाने उस्मानी मापही मागे टाकले होते. एवढा धातू एका वेळी वितळवायचा, अनेक भट्ट्यांचा रस एकाच वेळी साच्यात सोडायचा, मध्ये खंड पडला तर सगळे वाया. ही विद्या पाहून शिकता येत नाही, ती हातानेच शिकवावी लागते. म्हणून ती माणसाबरोबर आली आणि माणूस आपले मूळगाव नावात घेऊन आला. मशिदीवर एकाही रूमी गवंड्याचे नाव नाही आणि तोफेवर आहे, हा फरक मला निर्णायक वाटतो. पोर्तुगीजांच्या तोफांना तोंड द्यायचे तर दख्खनच्या सुलतानांना रूमी लोक हवे होते. घुमट बांधायला त्यांची गरज नव्हती, ते काम घरचेच लोक करीत होते. तरीसुद्धा तोफही पुरती रूमी राहिली नाही. तिचे तोंड म्हणजे आ वासलेल्या श्वापदाचे डोके, दाढांत हत्ती धरलेला. हे चित्र दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शेकडो जागी कोरलेले आढळते. रूमी माणसाने इथला रस ओतला आणि इथल्याच साच्यात.

तोफ विजापूरला आली तीही एका मराठी माणसाच्या हातून. 1632मध्ये मुरार जगदेवाने ती परांड्याच्या किल्ल्यातून ओढून आणली. हा तोच मुरारपंत, ज्याने शहाजीराजांच्या सल्ल्याने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेत हत्ती उभा करून त्याची तुला केली आणि ज्यावरून तुळापूर नाव पडले असे सांगतात. मुलूखमैदानाबरोबरची दुसरी तोफ, कडकबिजली, वाटेत नदीत बुडाली अशी आख्यायिका आहे. एवढी अवजड वस्तू नद्या ओलांडून नेणाऱ्याला हत्तीचे वजन करणे अवघड गेले नसेल. सप्टेंबर 1686मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. त्याने तोफेवर आपला लेख कोरवला. मशिदीतून मात्र मखमली गालिचे आणि सोन्याची साखळी नेली असे सांगतात. त्या बदल्यात जमिनीवर नमाजाच्या जागांचे चौकोन रंगवले गेले. ते दोन हजार दोनशेहून अधिक आहेत आणि आजही दिसतात. पूर्वेचा दरवाजा आणि ओवऱ्यांचा काही भाग त्याच्याच काळातला. ज्या राजवटीने मशीद बांधली तिच्या हातून ती पुरी झाली नाही, जिने राजवट बुडवली तिने थोडी भर घातली. संस्थेच्या इतिहासात असे हिशेब येतातच.

मशिदीचा उत्तरकाळ थोडक्यात सांगता येतो, कारण ती शांतपणे चालत राहिली. विजापूर 1724मध्ये निजामाकडे, 1760मध्ये पेशव्यांकडे आणि 1818मध्ये सातारच्या छत्रपतींकडे गेले. 1848मध्ये सातारा खालसा झाल्यावर ते इंग्रजांकडे आले. 1854मध्ये तोफ मोडीत काढण्याचा हुकूम निघाला. लिलावात सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. एवढ्याशा किमतीला ती विकणे एका अधिकाऱ्याला पटले नाही, हुकूम मागे घेतला गेला आणि तोफ वाचली. 1885मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला आले तेव्हा सरकारला कचेऱ्या हव्या होत्या आणि जुन्या इमारती आयत्या होत्या. एका मशिदीत टपालकचेरी आली, गोलघुमटाशेजारच्या मशिदीत प्रवासी बंगला. व्हाइसरॉय कर्झनने ते हलवायला लावले आणि 1904चा प्राचीन स्मारकांचा कायदा आला. हेन्री कझिन्सचा विजापूरवरचा मोठा ग्रंथ 1916चा. या सगळ्या उलथापालथीत जामा मशिदीची कचेरी झाली नाही, कारण तिच्यात नमाज कधी थांबलाच नव्हता. वापरात असलेली इमारत टिकते, हे पुरातत्त्व खात्यालाही मान्य व्हावे. विजापूर 1956पर्यंत मुंबई राज्यातच होते. भाषावार रचनेत ते आजच्या कर्नाटकात गेले.

आता एकच प्रश्न उरतो. मग महाराष्ट्रात खरोखरची उस्मानी वास्तू आहेच की नाही? एक आहे, आणि ती रिकामी आहे. तुर्कस्तानने 1924मध्ये खिलाफत रद्द केल्यावर शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद फ्रान्समध्ये जाऊन राहिला. 1931मध्ये त्याची मुलगी दुर्रुशेहवार हैदराबादच्या निजामाची सून झाली. खलिफासाठी निजामाच्या राज्यात, खुलदाबादच्या परिसरात, तुर्की धाटणीची कबर बांधली गेली. 1944मध्ये तो पॅरिसला वारला, शव दहा वर्षे तिथल्या मशिदीत ठेवले गेले आणि 1954मध्ये दफन झाले ते मदीनेत. म्हणजे खरा उस्मानी खुलदाबादला आला नाही, आणि उस्मानी म्हणवणारे विजापुरात दोन शतके राज्य करून गेले.

देवळालीहून विजापूरला जाणाऱ्यांनी एक क्रम पाळावा. आधी शेर्झा बुरुजावर जाऊन तोफेवरचे ओतणाऱ्याचे नाव पाहावे, मग जामा मशिदीत जावे, मोठ्या घुमटाखाली उभे राहून छेदणाऱ्या आठ कमानी मोजाव्यात आणि शेवटी अंगणात येऊन कळसावरच्या चंद्रकोरीकडे पाहावे. नमाजाची वेळ तेवढी टाळावी आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत.